पंच हवा, पण आपला!

'पंच म्हणजे परमेश्वर' असं आपण उठताबसता म्हणतो. ते खरंच असावं, कारण परमेश्वराप्रमाणेच पंचाचीही आठवण आपल्याला फक्त काही बिनसलं की येते. बाकी वेळी तो आहे की नाही, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

शनिवार-रविवारी चोर दरवाज्यानं राजगड चढणाऱ्या ट्रेकर मंडळींना आमचं गुंजवणे गाडी लावण्यापुरतं आणि पिठलं-भाकरीपुरतं माहीत असतं. पण भाताची मळणी उरकली की इथे आणि आसपासच्या गावांत आणखी एक मोसम सुरू होतो, टेनिस बॉलच्या स्पर्धांचा. हे भलेमोठे फ्लेक्स लागतात. त्यावर नेते, नेत्यांचे नेते, बक्षीस देणारे, चषक देणारे, मॅन ऑफ द सिरीजची भेटवस्तू देणारे, सगळे हात जोडून उभे. त्या गर्दीत पंचाचं नाव कधी वाचलंय तुम्ही? मी नाही वाचलं. कारण पंच कोण हे फ्लेक्स छापताना ठरलेलंच नसतं. मॅच सुरू व्हायच्या वेळी बॅटिंग करणाऱ्या टीममधला जो रिकामा असेल, ज्याचा नंबर दहावा-अकरावा असेल, त्याला 'जा रे, उभा राहा' म्हणून पिटाळायचं. झाला अंपायर! मग त्यानं आपल्या माणसाला रनआऊट दिलं की आपल्या टीमच्या शिव्या, नाही दिलं की समोरच्यांच्या. आणि वर आपणच म्हणायचं, 'पंचगिरी लई घाण झाली राव.'

अहो, घाण होणार नाही तर काय होईल? ज्या कामाला आपण ना शिक्षण देतो, ना मानधन, ना संरक्षण, त्या कामात माणसानं एकही चूक करू नये अशी अपेक्षा मात्र ठेवतो. हा कुठला न्याय?

आज हे सगळं लिहायचं कारण घरातलंच आहे, आणि ज्यांच्यासाठी लिहितोय ती नातेवाईक मंडळी हे वाचणार आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे. आमचा पुतण्या शिरवळला एका कंपनीत पाळ्या करतो. क्रिकेटचं वेड आहे, बॉल बरा टाकतो, पण पुढे जाण्याइतका नाही, हे त्याचं त्यालाच समजलं. त्यानं अंपायरिंगची परीक्षा द्यायची ठरवली. नियमांचं पुस्तक आणलं, रात्रपाळीहून आल्यावर वाचत बसतो. यावर आपल्या घराण्यातल्या जाणत्यांची प्रतिक्रिया काय? 'खेळता येईना म्हणून पंच झाला.' दुसरे म्हणाले, 'दिवसभर उन्हात उभं राहून शिव्या खायच्या, त्यापेक्षा ओव्हरटाईम कर.' काका, मामा, आत्या, तुमचा मान राखून सांगतो, ही दोन्ही वाक्यं मला अजिबात पटलेली नाहीत.

पहिलं वाक्य घेऊ. खेळता येत नाही म्हणून पंच. बरं मग, पंच झालेली माणसं कोण होती ते बघा. पिलू रिपोर्टर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात नोकरीला होते. आपल्याकडे लाईट गेली की ज्यांच्या नावानं आपण बोटं मोडायचो, त्याच मंडळात! हा माणूस १४ कसोटींत पंच म्हणून उभा राहिला आणि १९९२च्या विश्वचषकातही त्यानं पंचगिरी केली. मुंबईचेच माधव गोठोस्करही १४ कसोटींत उभे राहिले. आणि नवी मुंबईच्या वृंदा राठी? २०२३च्या जानेवारीत रणजी करंडकात पहिल्यांदाच महिला पंच उभ्या राहिल्या, त्या तिघींतल्या त्या एक. यातल्या कुणाला तुम्ही 'खेळता येईना म्हणून' असं तोंडावर म्हणाल का?

फुटबॉलवेड्या जर्मनीतही हेच दिसतं. रूडी क्राइटलाइन हे तिथले नावाजलेले पंच व्यवसायानं शिंपी होते. मार्कुस मेर्क दातांचे डॉक्टर. २००४च्या युरो स्पर्धेची फायनल त्यांनी चालवली, आणि आपल्या दक्षिण भारतात येऊन गरीब मुलांचे दात बघण्याचं कामही ते वर्षानुवर्षं करत आले. बिबियाना श्टाइनहाउस पोलिसात होत्या, २०१७ साली बुंडेसलिगात पंच म्हणून उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या महिला. शिंपी, डॉक्टर, पोलीस, वीज मंडळाचा कर्मचारी. पोटापाण्याचा धंदा सांभाळून ही माणसं शिकली, घासली गेली आणि वर चढली. आमच्या पोरानं पाळ्या करत नियमांचं पुस्तक वाचलं तर लगेच हसू कशाला?

आता दुसरं वाक्य, शिव्या खाण्याचं. ते खरं आहे, नाकारत नाही. पण शिव्या देतं कोण? आपणच की! क्राइटलाइन यांचाच किस्सा घ्या. १९६६च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात त्यांनी अर्जेंटिनाच्या कर्णधाराला, रातीनला, बाहेर काढलं. यांना स्पॅनिश येत नाही, त्याला जर्मन येत नाही, आणि तो काही केल्या मैदान सोडेना. बराच वेळ खेळ खोळंबला. शेवटी पंचांनाच पोलिसांच्या गराड्यात बाहेर न्यावं लागलं. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. त्या गोंधळातून केन अॅस्टन या इंग्रज पंचाला पिवळ्या आणि लाल कार्डाची कल्पना सुचली आणि १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली. तिथलं पहिलं पिवळं कार्ड दाखवणारा पंचही जर्मनच, कुर्ट चेन्शर. म्हणजे भांडण झालं, त्यातून एक व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडे भांडण होतं आणि त्यातून पुढच्या वर्षीचं भांडण उभं राहतं.

क्रिकेटमध्येही असंच झालं. यजमान देशाचे पंच यजमानांच्या बाजूनं देतात, ही ओरड किती जुनी! १९८६ साली पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीसाठी लाहोरला पंच म्हणून कुणाला बोलावलं? दोन भारतीयांना! आपले पिलू रिपोर्टर आणि हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी. १९१२ नंतर पहिल्यांदाच कसोटीत त्रयस्थ पंच उभे राहिले. पाकिस्तानला भारतीय पंच चालला, आणि आम्हाला शेजारच्या वाडीचा पंच चालत नाही! 'त्यो त्यांच्यातला हाय', विषय संपला. आपल्याला न्याय नकोच असतो, आपल्याला आपला माणूस हवा असतो. शिवरायांनी रांझ्याच्या पाटलाला शिक्षा केली ते आपण छाती फुगवून सांगतो. रांझे तर आपल्या भोर तालुक्यातलंच. पण त्या गोष्टीत पाटील 'आपला' होता, तरी सुटला नाही, हे सोयीस्कर विसरतो.

आता तुम्ही म्हणाल, पंच विकलेही जातात त्याचं काय? जातात ना. जर्मनीत २००५ साली रोबर्ट होयझर नावाचा पंच सट्टेबाजांकडून पैसे घेऊन सामने फिरवताना सापडला आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. असंच व्हायला पाहिजे. पण ते कोर्टात. मैदानात नाही.

मैदानात काय होतं ते २ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरला सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या कुस्तीत चीतपटीचा निर्णय विरोधात गेला म्हणून शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली. राक्षेसारखा मोठा पैलवान! त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली, निर्णयावरही खूप वाद झाला. मी म्हणतो, घटकाभर धरून चालू की निर्णय साफ चुकला होता. तरी लाथ? त्या दिवशी आमच्या पारावर मात्र चर्चा एकच, 'बरं केलं.' तिथे बसलेली पोरं ते ऐकत होती. पुढच्या जत्रेत, लाल मातीत, पंच म्हणून कोण उभं राहील मग?

जर्मनीतही सगळं आलबेल नाही बरं का. खालच्या पातळीवर पंचांना मारहाण इतकी वाढली की २०१९च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनच्या पंचांनी संपच केला. एका शनिवार-रविवारी हजारावर सामने रद्द! पंच नसला की काय होतं ते एकदाचं कळलं सगळ्यांना.

पण त्यांच्याकडची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे ज्या क्लबच्या जितक्या टीम, त्या प्रमाणात त्या क्लबनं पंच द्यावे लागतात, नाही दिले तर दंड. किती साधं आहे! आपल्याकडच्या स्पर्धांतही एवढं करा. जी टीम नाव देईल तिनं नियम शिकलेला एक माणूस पंच म्हणून द्यायचा, आणि त्यानं स्वतःच्या टीमच्या मॅचला उभं राहायचं नाही. प्रवेश फीमधला थोडा हिस्सा पंचांच्या मानधनाला ठेवायचा. पंचाच्या अंगावर जो जाईल त्याची टीम बाद, मग तो कुणाचाही पुतण्या असो. आणि हो, फ्लेक्सवर एखादा हात जोडलेला फोटो कमी करून पंचांची नावं छापायची. चषकाची उंची वीतभर कमी केली तरी हे सगळं बसतं.

आणि घरच्यांनो, तुमच्याकडे एवढंच मागणं. पोरगं परीक्षा देतंय, देऊ द्या. पास झाला तर आपल्याच गावच्या स्पर्धेत त्याला पहिल्यांदा उभा करू. त्यानं आपल्या टीमच्या बॅट्समनला पायचीत दिलं, तर जेवायला बसल्यावर त्याला 'आपला होता रे तो' असं म्हणू नका. बाकीच्या जगाच्या शिव्या तो सोसेल. तुमचं ते एक वाक्य नाही सोसवायचं.

असो. राग आला असेल तर फोन करा, नंबर तुमच्याकडे आहेच.