सेल्फची तार आणि आपले हात

मैत्रिणींनो, आमच्या संघटनेची जुनी डिझेल जीप आता चौघीजणी चालवतात. पण रात्री शिबिराहून परतताना सेल्फ लागला नाही की चौघीही रस्त्यावर एखादा 'भाऊ' शोधू लागतात. हे मला खटकतं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेवरचा सेल्फ आला, हँडल फिरवण्याची ताकद लागेनाशी झाली. बायकांची सोय झाली म्हणतात. सोय आपल्याकडे आली, तिची माहिती मात्र पुरुषांकडेच राहिली.

आमच्या गॅरेजवाल्याने एकीला युक्ती शिकवली : सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, की गाडी सुरू. याला शिकवणं म्हणत नाहीत. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. शिवाय जुन्या डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही. बंद करायचा नॉब ओढलेला नसेल, तर किल्ली पर्समध्ये असतानाही इंजिन सुरू होतं. आणि गाडी गिअरमध्ये असली तर पुढे उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर येते.

खरं काम अवघड नाही. किल्लीकडून येणारी बारीक तार हुकूम देते, सोलेनॉइड तो ऐकून जाड केबल मोटरला जोडतो. एवढंच. आधी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक, चाकांना दगड. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र उतरवायचं. (मंगळसूत्रावर आमच्याकडे तासभर वाद झाला! प्लस आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये सोनं आलं तर क्षणात तापून कातडी भाजतं. विजेला सौभाग्य कळत नाही.) बॅटरीची मायनस केबल सर्वांत आधी काढायची, सर्वांत शेवटी जोडायची. प्लसची जाड केबल एका मोठ्या बोल्टला, दुसऱ्या मोठ्या बोल्टवरून मोटरला, लहान टर्मिनलला किल्लीची 'स्टार्ट'ची तार. जाड केबलला सहसा फ्यूज नसतो, म्हणून ती पत्र्याच्या धारेला किंवा सायलेन्सरच्या पाइपला लागू द्यायची नाही. जुन्या किल्लीच्या स्विचवर भार नको, मध्ये रिले घाला : ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून सोलेनॉइड, ८६ ला किल्ली, ८५ अर्थ.

आणि नवा सोलेनॉइड विकत घेण्याआधी बॅटरीची गंजलेली टोकं आणि इंजिनाची सैल अर्थची पट्टी बघा. 'टक' आवाज येऊन गाडी गप्प बसते, तेव्हा कितीदा तरी दोष तिथेच असतो. बिल मात्र सोलेनॉइडचं होतं.

काहीजणी विचारतात, मिस्त्रीचं काम आपण का करायचं? जरूर त्याच्याकडे द्या. पण त्याने कुठली तार कुठे लावली, हे बघता तर आलं पाहिजे. आपली ड्रायव्हिंगची प्रशिक्षणं लायसन्स हाती पडलं की संपतात. माझं म्हणणं आहे, पुढच्या वेळी आणखी दोन दिवस धरा, जीप अंगणात उभी करा, बॉनेट उघडा आणि पाना मुलींच्या हातात द्या. मिस्त्रीलाही मानधन देऊन बोलवा. फक्त हात खिशात ठेवायला सांगा.