रावणाच्या दाढीपुरतंच भांडणार का आपण?

मंडळी, परवा पोवई नाक्यावर चहाच्या गाड्यापाशी दोन पोरं तावातावानं भांडत होती. विषय नितेश तिवारींच्या येऊ घातलेल्या ‘रामायण’चा. एकाला रणबीर कपूर राम म्हणून पटत नव्हता. दुसरा म्हणत होता, ग्राफिक्स भारी आहेत, मग झालं की. शेवटी पहिला म्हणाला, “मूळ रामायणात आहे तसंच दाखवा, एवढंच मागणं आहे.”

मी म्हणलं, बाळा, मूळ म्हणजे कुठलं? वाल्मीकींचं, एकनाथांचं, का टीव्हीवरचं रामानंद सागरांचं? पोरगं गप्प. खरं सांगू, माझ्याही डोक्यातलं ‘मूळ’ टीव्हीचंच आहे. १९८७ साली आमच्या आळीत एकच टीव्ही होता. रविवारी त्याला हार घालायचे आणि आम्ही चपला बाहेर काढून बसायचो.

या ‘मूळ’च्या भानगडीवर आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका माणसानं फार सुंदर उत्तर देऊन ठेवलंय. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. महाभारताची मूळ संहिता शोधायला त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेला एक लाख रुपयांचं वचन दिलं. १९१९ ला काम सुरू झालं, १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली, १९६६ ला पुरं झालं. हजारो ओळी मागाहून घुसलेल्या म्हणून तळटिपांत आणि परिशिष्टांत गेल्या. मालिकेतली द्रौपदी दुर्योधनाला ‘आंधळ्याचा पोरगा आंधळा’ म्हणून हिणवते ना? ते वाक्य त्या संहितेत नाही. आणि याच राजानं स्वतः कुंचला घेऊन आपल्या मनातलं रामायण चितारलं. अभ्यासकानं मूळ शोधावं, कलावंतानं आपलं रचावं. त्यांना यात भांडण दिसलं नाही.

आता सांगलीकडं या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. त्यांचे राक्षस ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत रंगमंचावर यायचे. वाल्मीकींनी कुठं लिहिलंय ‘अलल डुर्र’? पण तिथूनच मराठी नाटक सुरू झालं.

याच सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. आमच्याच धंद्यातले, ‘केसरी’चे. १९०७ ला त्यांचं ‘कीचकवध’ आलं. गोष्ट विराटपर्वातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत गांजलेला देश दिसला. सरकारलाही दिसला. १९१० ला बंदी. पुढं १९२० ला शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी त्यावरून ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं खरं वाटलं की सेन्सॉरनं कात्री लावली. आणि टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं.

म्हणजे बघा, पुराणावरचा सिनेमा एके काळी सरकारला झोंबत होता. आज तो फक्त आपल्याला झोंबतो. २०२३ ला ‘आदिपुरुष’ आला आणि आपण रावणाची दाढी, हनुमानाचे संवाद यावर भांडलो. निर्मात्यांनी चार दिवसांत संवाद बदलले. लोक चिडले ते चूक नव्हतं. संवाद उथळच होते. पण माझ्या मते खरा दोष वेगळा. त्यांनी रामायण बदललं हा गुन्हा नाही; बदलून सांगायचं काहीच नव्हतं, हा गुन्हा.

“मग काय, देवाधर्माचं काहीही करायचं का?” असं काहीजण विचारतील. नाही. श्रद्धेची टिंगल करून गल्ला भरणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण टिंगल आणि नवा अर्थ यांत फरक आहे, आणि तो तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात पळायच्या आधी करावा.

कीचकाचीच गोष्ट पुन्हा वाचा. राजाचा मेहुणा, वर सेनापती. राजवाड्यात कामाला असलेल्या बाईच्या मागं लागतो. ती दाद मागायला दरबारात धावते, तर भर दरबारात तिला लाथ मारतो. राजा विराट म्हणतो, तुमच्या दोघांचं काय भांडण आहे ते मला माहीत नाही. मंडळी, नावं आणि गावं बदलून ही बातमी मी वीस वर्षांत कितीतरी वेळा लिहिलीय. दरवेळी मेहुणा कुणाचा तरी असतोच, आणि दरबार गप्पच असतो.

उद्या आपल्याच भागातल्या एखाद्या पोरानं ‘सैरंध्री’ पुन्हा काढला आणि कीचकाला आजच्या पुढाऱ्याचा पेहराव दिला, तर? इंग्रजांनी बंदी घातली होती. आपण काय करू? महाभारताचा अपमान झाला म्हणून थिएटरबाहेर उभे राहू, का तिकीट काढून आत बसू?

दर ५ नोव्हेंबरला सांगलीत भाव्यांच्या नावानं पुरस्कार देतात. टाळ्या आपण वाजवतोच. पण भाव्यांना मिळाला तसा आश्रय त्या पोराला कोण देणार, ते सांगा. ‘मूळ असंच होतं का’ यावर नंतर भांडू.