चाल, वेग आणि वाचलेली तीन मिनिटे

नववीचे वर्ष सुरू झाले की विज्ञानाच्या पुस्तकातला गतीचा धडा घरोघरी डोके खाऊ लागतो. या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत पालकांचा एक प्रश्न पुन्हा पुन्हा असतो : "चाल आणि वेग यांत फरक तो काय? आम्ही तर दोन्हीला स्पीडच म्हणतो." खरे आहे. घरात आपण मराठी बोलू तेव्हा वेग म्हणतो, उर्दू बोलू तेव्हा रफ्तार म्हणतो आणि रस्त्यावर स्पीड म्हणतो. बोलण्यात काही अडत नाही. पेपरात मात्र अडते आणि मार्क जातात. रस्त्यावर अडले, तर त्याहून मोठे काही जाते. म्हणून या महिन्यात हा विषय शांतपणे समजून घेऊ. मुलांनी वाचावा, आणि अम्मी-अब्बांनीही सोबत बसून वाचावा.

अंतर आणि विस्थापन

आधी दोन शब्द. अंतर म्हणजे प्रत्यक्ष किती वाट तुडवली ते. विस्थापन म्हणजे निघालो तिथून जिथे पोहोचलो तिथपर्यंतची सरळ रेघ, दिशेसकट.

समजा, किराणा दुकान घरापासून 300 मीटरवर आहे. तुम्ही साखर आणायला गेलात आणि परत आलात. कापलेले अंतर झाले 600 मीटर. विस्थापन किती? शून्य. कारण जिथून निघालात तिथेच येऊन उभे राहिलात. वर्गात हे सांगितले की एखादा मुलगा हमखास म्हणतो, "टीचर, मग मी गेलोच नाही का?" गेलास बाळा, पाय दुखले ते अंतरामुळे. पण विस्थापन पायांना विचारत नाही. ते फक्त एवढेच बघते की सुरुवात कुठे होती आणि शेवट कुठे झाला.

घरच्या फरशीवर हे करून पाहता येते. चौरस फरश्या असतील तर एका कोपऱ्यापासून सरळ चार फरश्या पुढे जा, मग काटकोनात वळून तीन फरश्या जा. अंतर झाले सात फरश्या. आता सुरुवातीच्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत दोरा ताणा आणि मोजा. तो बरोबर पाच फरश्यांइतका भरेल. हे पाच म्हणजे विस्थापन. ते अंतराएवढे असू शकते किंवा कमी असू शकते. अंतरापेक्षा जास्त कधीच नसते.

समुद्र आडवा आला की

कोकणातल्या वाचकांना हे पुस्तकाशिवायच ठाऊक आहे. खाडीपलीकडचे गाव डोळ्यांना दिसते, अजान ऐकू येते. पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा. दिसते ते विस्थापन आणि एसटीचे तिकीट निघते ते अंतराचे.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट 2020 च्या मार्चमध्ये सुरू झाली. तेव्हा सरकारने दिलेले आकडे असे होते : रस्त्याने सुमारे 110 किलोमीटर, तीन ते चार तास, पाण्यातून सुमारे 18 किलोमीटर, साधारण एक तास. बोट जवळजवळ सरळ जाते असे मानून आपण विस्थापनही 18 किलोमीटर धरू. आता गणित करू.

मोटार साडेतीन तासांत 110 किलोमीटर गेली. सरासरी चाल म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. ती आली ताशी सुमारे 31 किलोमीटर. बोटीची चाल ताशी 18 किलोमीटर. म्हणजे मोटार जास्त जोरात धावली. तरी आधी कोण पोहोचले? बोट!

हे कोडे सुटते ते वेगामुळे. सरासरी वेग म्हणजे विस्थापन भागिले वेळ. मोटारीचे विस्थापनही 18 किलोमीटरच. त्याला साडेतीन तासांनी भागले तर वेग येतो ताशी जेमतेम 5 किलोमीटर. भरभर चालणाऱ्या माणसाइतका! बोटीचा वेग मात्र ताशी 18. जोरात धावणे वेगळे आणि मुक्कामाकडे सरकणे वेगळे.

पुढे जानेवारी 2024 मध्ये शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे 22 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि त्या बाजूला जाण्याचे रस्त्याचे अंतर घटले. मुंबई आणि मांडवा यांच्यातले विस्थापन मात्र तसूभर बदलले नाही. पूल बांधून अंतर कमी करता येते, विस्थापन नाही.

म्हणून लक्षात ठेवा : चाल = अंतर ÷ वेळ. वेग = विस्थापन ÷ वेळ. चालीला दिशा नसते, म्हणून ती अदिश राशी. वेगाला दिशा असते, म्हणून तो सदिश. पेपरात वेग लिहिताना दिशा लिहायला विसरू नका. एकक दोन्हींचे सारखेच, मीटर प्रति सेकंद. ताशी किलोमीटरचे मीटर प्रति सेकंद करायचे असतील तर 5 ने गुणा आणि 18 ने भागा. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर, हे एक उदाहरण पाठ असले तरी पुरते.

काटा स्थिर, तरी वेग बदलला

स्कूटरचा काटा 30 वर स्थिर आहे आणि स्कूटर वळणावर वळते आहे. चाल बदलली का? नाही. वेग बदलला का? हो. कारण दिशा बदलली. स्कूटरवरचा काटा फक्त चाल सांगतो. तुम्ही कुठे निघालात हे त्याला माहीत नसते.

ही नुसती शब्दांची कसरत नाही. वेग बदलायचा तर बळ लागते, मग तो बदल दिशेचा असला तरी. वळताना हे बळ येते टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून. वळणावर वाळू, चिखल किंवा सांडलेले तेल असेल तर घर्षण कमी पडते. मग हँडल वळते, पण गाडी आपल्या आधीच्या दिशेनेच सरळ जाऊ पाहते आणि घसरते. पावसाळ्यात वळणाआधीच हळू व्हा असे मोठी माणसे सांगतात, त्यामागे हे शास्त्र आहे.

सरासरीचा फसवा हिशेब

एक प्रश्न परीक्षेतही येतो आणि व्यवहारातही. क्लासला जाताना ताशी 20 ने गेलो, येताना ताशी 60 ने आलो. सरासरी चाल किती? बहुतेक जण म्हणतात 40. क्लास 6 किलोमीटरवर आहे असे धरा. जाताना लागली 18 मिनिटे, येताना 6 मिनिटे. एकूण 12 किलोमीटर, 24 मिनिटांत. म्हणजे सरासरी ताशी 30. हळू चालीत जास्त वेळ गेला, म्हणून तिचे वजन जास्त पडले. गर्दीत आणि सिग्नलवर अडकून गेलेला वेळ पुढच्या मोकळ्या पट्ट्यात गाडी पळवून भरून निघत नाही, हे या गणितातून कळते.

तीन मिनिटांची किंमत

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते. अनेक घरांत नववी-दहावीच्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली असते. "क्लास लांब आहे, वेळ वाचतो," असे अम्मी सांगतात. वाचतो किती, ते पाहू.

क्लास 3 किलोमीटरवर. ताशी 30 ने गेला तर 6 मिनिटे. ताशी 60 ने गेला तर 3 मिनिटे. वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर वाचली तीन मिनिटे. या तीन मिनिटांसाठी काय मोजावे लागते?

समोर अचानक एखादे मूल आले. डोळ्यांनी पाहून हात ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी पूर्ण चालीने पुढे जात असते. नंतर ब्रेक लागतो. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगला असे धरून, म्हणजे दर सेकंदाला चाल 6 मीटर प्रति सेकंदाने कमी होते असे मानून, हिशेब असा येतो :

ताशी 30 : विचाराच्या सेकंदात सुमारे 8 मीटर, ब्रेकनंतर सुमारे 6 मीटर. एकूण 14 मीटर.

ताशी 60 : विचाराच्या सेकंदात सुमारे 17 मीटर, ब्रेकनंतर सुमारे 23 मीटर. एकूण 40 मीटर.

चाल दुप्पट झाली, तर ब्रेकनंतरचे अंतर चौपट झाले. कारण ते अंतर चालीच्या वर्गावर अवलंबून असते. आता दोन्ही ओळी पुन्हा वाचा. ते मूल 15 मीटरवर असेल तर तीसवाला त्याच्या अलीकडे थांबलेला असतो. साठवाल्याने त्या जागी अजून ब्रेक दाबलेलाही नसतो. तो पूर्ण साठच्या चालीने तिथे पोहोचतो. रस्ता ओला असेल, मागे दोन मित्र बसले असतील, तर याहून वाईट.

कायद्याचेही सांगते. 16 वर्षे पूर्ण झाल्यावर फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळू शकतो, आणि आपल्या दारात उभ्या असलेल्या नेहमीच्या स्कूटर त्याहून बऱ्याच मोठ्या आहेत. त्यांच्यासाठी 18 वर्षे पूर्ण हवीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. पण ही शिक्षा झाली तरी पोराचा मोडलेला पाय किंवा दुसऱ्याच्या घरातला गेलेला जीव परत येत नाही.

मुलाला सायकल द्या. दहा मिनिटे आधी घरातून काढा. क्लासच्या वाटेवर ताशी 15 ने जाणाऱ्या सायकलीला 3 किलोमीटरसाठी 12 मिनिटे लागतात. स्कूटरपेक्षा सहा-नऊ मिनिटे जास्त, एवढाच काय तो सौदा.

घरी सोडवा

1. सलमा 400 मीटर परिघाच्या मैदानाला 5 मिनिटांत दोन फेऱ्या मारून निघालेल्या जागी थांबते. तिची सरासरी चाल किती? सरासरी वेग किती?

2. ताशी 40 किलोमीटर चालीने जाणारी गाडी विचाराच्या एका सेकंदात किती मीटर जाईल? तेवढे अंतर गल्लीत पावलांनी मोजून घरातल्या मोठ्यांना दाखवा.

उत्तरे पुढच्या अंकात. तेव्हा त्वरणाची, म्हणजे वेग किती भराभर बदलतो त्याची ओळख करून घेऊ.