सोय जाणेल तो सोयरा?

प्रेमकथांची पुस्तकं म्हटली की आपल्या गटांमध्ये नाकं मुरडली जातात. देखणा, गर्विष्ठ, पैसेवाला नायक, त्याच्या एका नजरेनं विरघळणारी नायिका, शेवटी मांडव. या साच्यावर आपण भरपूर टीका केली आणि ती रास्तच होती. तरी गेल्या काही वर्षांत इंग्रजीत आलेल्या एका प्रकारच्या प्रेमकथा मी चवीनं वाचते आहे आणि त्यांच्याबद्दल मैत्रिणींशी बोलावंसं वाटतं.

या कथांत लग्न ठरतं ते सोयीसाठी. कुणाला व्हिसा हवा असतो, कुणाला लग्नाशिवाय हाती न येणारा पैसा. प्रेम मागाहून येतं. आणि दोघांपैकी एक तरी ऑटिस्टिक असतो किंवा असते. म्हणजे मेंदूची घडणच चारचौघांपेक्षा वेगळी. हा आजार नव्हे, वेड तर नव्हेच. आवाज, उजेड, स्पर्श जास्त बोचतो, आडून बोललेलं कळत नाही, ठरलेला क्रम मोडला की जिवाची घालमेल होते.

हेलन होआंग ही व्हिएतनामी वंशाची अमेरिकन लेखिका. आपल्याला ऑटिझम आहे हे तिला 2016 साली, मोठेपणी कळलं. तिच्या ‘द ब्राइड टेस्ट’ (2019) या कादंबरीतला खाई कॅलिफोर्नियात राहतो. आपल्याला भावनाच नाहीत अशी त्याची खात्री आहे, कारण नात्यातल्या एका जिवलग भावाच्या अंत्यविधीला त्याला रडू आलं नाही. त्याची आई सरळ व्हिएतनामला जाऊन मुलगी पाहून येते. एस्मे हॉटेलात संडास-बाथरूम साफ करणारी, पदरी लहान मुलगी असलेली. उन्हाळाभराचा व्हिसा, तेवढ्यात लग्न जमलं तर ठीक, नाहीतर परत.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लग्नं सोय पाहूनच ठरतात. खरं आहे. पण आपल्या बैठकीत बोलणी होतात ती वडीलधाऱ्यांमध्ये, सोनं, जमीन, नोकरी, मानपान यांची. जिला त्या घरात झोपायचं-उठायचं आहे, तिला कुठला स्पर्श नको, रात्री किती वेळ एकटं राहायचं आहे, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही. नंतर नवराही विचारत नाही. या कादंबऱ्यांत नेमकी तीच बोलणी होतात, आणि ती दोघांमध्ये होतात. खाईला हलका स्पर्श सहन होत नाही, घट्ट चालतो. हे सांगावं लागतं, ऐकावं लागतं, पुन्हा विचारावं लागतं. संमती हा शब्द आपण शिबिरांतून घसा कोरडा करून समजावतो. इथे तो रोजच्या व्यवहारात उतरतो, कारण न बोलता चालवून नेण्याची सोयच नसते.

मला वाटतं, बायकांना हे वाचताना जे सुख होतं त्याचं मूळ इथे आहे. कपबशी किती जोरात आपटली यावरून त्याचा आजचा नूर ओळखायचा, हे आपलं रोजचं बिनपगारी काम. ‘तुझ्या चेहऱ्यावरून मला कळत नाही, तू सांग’ असं म्हणणारा पुरुष त्यामुळेच इतका हवाहवासा वाटतो.

पण सोय कुणाची, हा प्रश्न मी सोडणार नाही. आई मुलाला न विचारता मुलगी शोधते. गरीब देशातली बाई श्रीमंत देशातल्या पुरुषाला ‘समजून घ्यायला’ आणली जाते आणि होणाऱ्या सासूच्याच हॉटेलात वाढपाचं काम करते. लेखिकेनं एस्मेला बाहुली केलेलं नाही, हे मात्र मान्य करायला हवं. ती संध्याकाळच्या वर्गांना जाते, आणि माझं तुझ्यावर प्रेम नाही असं खाई सांगतो तेव्हा त्याचं घर सोडते. स्पष्ट बोलण्याला अर्थ येतो तो असा निघून जाता येत असेल तरच. आपल्याकडच्या किती जणींना येतं?

कारण आपल्याकडचा प्रकार निराळाच. मुलाचं वेगळेपण मुलीकडच्यांपासून लपवायचं, ‘लग्न झालं की येईल ताळ्यावर’ म्हणायचं, आणि नाही आला की सुनेलाच दोष द्यायचा. ऑटिझमचा उल्लेख 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे, 2016 च्या अपंग हक्क कायद्यातही आहे. स्थळाच्या पत्रिकेत तो कधी दिसत नाही. आणि वेगळी असलेली मुलगी? ती ‘तुसडी’, ‘हट्टी’, ‘माणूसघाणी’. तिला काय हवं हा प्रश्नच उठत नाही.

म्हणून होआंगचीच आधीची ‘द किस कोशंट’ (2018) मला जास्त धाडसी वाटते. तिच्यात लग्नाचा करार नाही, पण करार आहेच. आकडेमोडीत हुशार, चांगली कमावणारी ऑटिस्टिक स्टेला शरीरसुखाचे धडे घ्यायला पुरुषाला पैसे देते. अटी तिच्या, पैसा तिचा, नको म्हणण्याचा हक्कही तिचाच. अशी नायिका चाळीत किंवा वाड्यात राहणारी, पदरी पगार नसलेली असती तर लेखिकेनं तिची गोष्ट कशी पुढे नेली असती, याचा मी बरेच दिवस विचार करते आहे. मराठीत कुणी ती लिहायला घेतली, तर पहिला खर्डा वाचायला मला द्या.