डॉक्टर फोनवर, पण फोन कुणाचा?



डॉक्टर आता फोनवर भेटतात. करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, केंद्र सरकारने 'ई-संजीवनी'ची घरबसल्या ओपीडी सुरू केली. मोबाईलवर नाव नोंदवायचं, आलेला ओटीपी टाकायचा, आपला नंबर लागला की पडद्यावर डॉक्टर बोलतात, औषधांची चिठ्ठी फोनवरच येते. पैसे लागत नाहीत. दुसरी सोय उपकेंद्रातली. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी पेशंटला शेजारी बसवून लांबच्या डॉक्टरांशी जोडून देतात. तालुक्याला जायचं म्हणजे बाईची दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चं भाडं जातं, पोराला कुणाकडे तरी ठेवावं लागतं. ते वाचत असेल तर या सोयीचं स्वागतच करायला हवं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने सांगितलं, की ई-संजीवनीचा लाभ घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. वाचून बरं वाटतं. पण शेजारी दुसरा आकडा ठेवू या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतःच्या वापराचा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के निघाल्या. ग्रामीण भागात निम्म्याहूनही कमी. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया तर जेमतेम एक तृतीयांश. मग उरलेल्या बाया घरून डॉक्टरांशी बोलणार कुणाच्या फोनवरून? नवऱ्याच्या, दिराच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या. ओटीपी त्याच्याकडे येतो, चिठ्ठी त्याच्याकडे राहते आणि पुष्कळदा दुखणंही तोच सांगतो. आईच्या अंगावरून पांढरं जातंय हे मुलगा कसं सांगणार? मुळात आई ते त्याला सांगतच नाही. तो म्हणतो, "अशक्तपणा आहे." लोहाच्या गोळ्या लिहून मिळतात.

आणखी एक गंमत. घरात आजाऱ्याचं करते बाई. रात्री उठते ती, पथ्य सांभाळते ती, सासऱ्यांची गोळी जेवणाआधी की नंतर हे लक्षात ठेवते ती. पण डॉक्टरांच्या सूचना पोचतात फोनवाल्याकडे, आणि तो कामावर गेलेला असतो.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत पेशंटच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचा विचार केलेला आहे. सज्ञान, शुद्धीवर असलेली पेशंट हजर नसेल, तर त्या माणसाकडे तिने अधिकार दिल्याचा किंवा नातं सिद्ध करणारा कागद हवा, नाहीतर आधीच्या प्रत्यक्ष भेटीत तिने तशी संमती दिलेली हवी. म्हणजे नात्याचा कागदही चालतो! आणि ती शेजारी बसलेली असेल तर काही प्रश्नच नाही. शेजारी बसणं आणि मोकळं बोलता येणं यांतला फरक आपल्याला नव्याने सांगायला नको.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' आणि महापालिकेने मिळून सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी 'दिलासा' केंद्र सुरू केलं, ते याच अनुभवातून. मार खाल्लेली बाई पोलिसांत जाण्याआधी दवाखान्यात येते. नर्सने तिला बाजूला घेऊन विचारलं तर ती बोलते. पडद्यावर बाजूला कसं घेणार? तिथे "पायरीवरून पडले" एवढंच ऐकू येतं, कारण पायरीवरून ढकलणारा फोन धरून उभा असतो. पुष्कळ बायकांना दवाखाना ही घराबाहेर पडायची एकमेव मान्य सबब असते, रांगेत दुसरीशी दोन शब्द बोलता येतात. ते हेलपाटे 'वाचवताना' हेही जातं, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

घरच्या फोनपेक्षा म्हणूनच आम्हाला उपकेंद्राची वाट बरी वाटते, पण अटींवर. पडदा किंवा आडोसा हवा. डॉक्टर जोडून देण्याआधी बाईशी एकटीशी बोलणं हवं, सोबतच्यांना बाहेर बसवून. चिठ्ठी कागदावर तिच्या हातात हवी. आणि हे सारं आशाताईच्या गळ्यात मारायचं नाही. ऑनलाइन कामांच्या सक्तीविरुद्ध त्या महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर गेल्या होत्या.

गटांनी येत्या तीन महिन्यांत आपापल्या उपकेंद्रात एक सकाळ बसून यावं. बाईला कोण घेऊन येतं, डॉक्टरांशी कोण बोलतं, तिला एकटीला कुणी विचारतं का, चिठ्ठी कुणाच्या खिशात जाते, एवढंच टिपायचं. कुणाचंही नाव वा आजार लिहायचा नाही. या नोंदी आमच्याकडे पाठवा. त्या घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना भेटायचं आहे.