हिरवा ठिपका पुरेसा आहे का?

रात्री मटणाचे जेवण होते आणि पहाटे अंगभर गांधी उठतात. ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी लावले जाते, विषय तिथेच संपतो. बहुतेक वेळा ते पित्तच असते. पण मटणानंतर दर वेळी असेच होत असेल, तर ‘अल्फा-गॅल’ अ‍ॅलर्जीची शंका घ्यायला हवी. परभणीसारख्या गोठ्यांच्या जिल्ह्यात तर ही माहिती हवीच. कारण या अ‍ॅलर्जीची सुरुवात गोचीड चावण्यापासून होते.

नेमके काय होते?
अल्फा-गॅल ही बोकड, मेंढी, म्हैस, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांच्या शरीरातील एक शर्करा आहे. माणसात ती नसते. काही जातींची गोचीड चावल्यानंतर काही जणांचे शरीर या शर्करेला शत्रू मानू लागते. अमेरिकेत २०१० ते २०२२ या काळात असे १ लाख १० हजारांहून अधिक संशयित रुग्ण आढळले. तिथे कारणीभूत ठरणारी ‘लोन स्टार’ गोचीड भारतात नाही. मात्र ऑस्ट्रेलिया, युरोप आणि जपानमध्ये इतर जातींमुळेही हा आजार झाला आहे. त्रास खाल्ल्यानंतर दोन ते सहा तासांनी होतो, म्हणून मटणावर संशयच जात नाही. चिकन, मासे आणि अंडी यांत अल्फा-गॅल नसते.

पाकीट घेताना काय पाहाल?
• हिरवा ठिपका : मांस, चरबी, जिलेटिन नाही. मात्र दूध, तूप, व्हे असू शकते. दुधाचा त्रास सर्वांना होत नाही. ज्यांना होतो त्यांनी घटकांची यादी वाचावी.
• तपकिरी त्रिकोण : पदार्थ मांसाहारी आहे, एवढेच कळते. त्यात नुसते अंडे आहे की प्राण्याची चरबी, हे यादीतच सापडते.
• जिलेटिन : जेली, मार्शमॅलो, गमीज यांत असते. ते बहुधा गुरे किंवा डुकरांपासून बनते. औषधांच्या अनेक कॅप्सूलही जिलेटिनच्या असतात. डॉक्टर आणि औषध दुकानदाराला आधीच सांगावे.
• चिकन सॉसेज : आत चिकन असले, तरी बाहेरचे आवरण दुसऱ्या प्राण्याचे असू शकते.

शंका असल्यास रक्ततपासणीने निदान होते. श्वास लागणे, ओठ-जीभ सुजणे, चक्कर येणे असे झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

भारतातील ग्राहकाला ठिपक्याची सोय आहे, हे खरेच मोलाचे. पण ही खूण शाकाहारासाठी आहे, अ‍ॅलर्जीसाठी नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या अ‍ॅलर्जीकारक घटकांच्या यादीत दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आहेत. सस्तन प्राण्यांचे मांस आणि जिलेटिन नाही. जिलेटिन कोणत्या प्राण्याचे, हे पाकिटावर ठळक छापणे बंधनकारक करावे. कंपन्यांना त्यासाठी एक ओळ वाढवावी लागेल. रुग्णासाठी मात्र त्या ओळीवर जीव अवलंबून असू शकतो.