सायकलींचा तांडा पुढे गेल्यावर

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९८४ साली सुमारे २१०० सायकलस्वार सीमेवरच्या वोडोंगा गावातून निघाले आणि वाटेत मुक्काम करीत मेलबर्नला पोहोचले. ‘ग्रेट व्हिक्टोरियन बाइक राइड’ या नावाने हा उपक्रम पुढे रूढ झाला. २००४ साली ग्रेट ओशन रोडवरून गेलेल्या सफरीत तर ८००० हून अधिक स्वार होते. नऊ दिवस, पाचशे किलोमीटरांच्या आसपास अंतर आणि दर वर्षी नवा मार्ग असा या सफरीचा बराच काळ शिरस्ता राहिला. सकाळी तंबू मोडायचे, बोचकी ट्रकवर चढवायची आणि संध्याकाळी पुढच्या गावाच्या क्रीडांगणावर पुन्हा तंबूंचे नगर उभे करायचे. दिंडीचे सामान पुढे नेणारा ट्रक ज्याने पाहिला आहे, त्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

या सफरीचे कौतुक बहुधा आरोग्य, मैत्री आणि निसर्गदर्शन यांच्या नावाने होते. ते रास्तच आहे. परंतु ज्या गावांतून हा तांडा जातो, त्या गावांना त्यातून काय मिळते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात एका संध्याकाळी त्याहून अधिक पाहुणे उतरतात. बेकरीतील पाव दुपारीच संपतो. शाळेची पालक समिती चहा-केकचे टेबल मांडते, क्रीडा मंडळ भट्टी पेटवते आणि त्या उत्पन्नातून एखादे छप्पर दुरुस्त होते. शहरातून आलेला पैसा निदान एक रात्र तरी गावात राहतो.

तथापि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. या पैशापैकी गावात किती मुरतो आणि किती लगेच बाहेर गळून जातो, हा पहिला. तंबू, भटारखाना, स्नानगृहांच्या गाड्या हे सारे तांड्याबरोबरच येत असेल आणि त्याबरोबरच जात असेल, तर गावाच्या वाट्याला किरकोळ विक्रीच उरते. दुसरा प्रश्न सातत्याचा आहे. मार्ग दर वर्षी बदलतो, हे न्यायाचे आहे. प्रत्येक जिल्ह्याला पाळी मिळते. पण काही वर्षांतून एकदा येणाऱ्या गर्दीच्या भरवशावर कोणी खानावळ काढत नाही, की दोन खोल्या बांधत नाही. दिवाळीच्या एका दिवसावर वर्षाचा प्रपंच चालत नाही.

आणि या गावांचा प्रपंच अवघड झालेला आहे. १९५१ साली कोरियन युद्धाच्या काळात लोकरीचा भाव गगनाला भिडला, तेव्हा ‘मेंढीच्या पाठीवर बसलेला देश’ ही ऑस्ट्रेलियाची ओळख खरी वाटत होती. पुढे लोकरीला आधारभूत किंमत देणारी योजना आली. ती किंमत बाजाराला न पेलणाऱ्या पातळीवर नेण्यात आली आणि १९९१ च्या फेब्रुवारीत योजना कोसळली. त्या वेळी गोदामांत सुमारे ४७ लाख गासड्या पडून होत्या. त्यांचा निपटारा होण्यास २००१ साल उजाडले. ओव्हन्स खोऱ्यातील मर्टलफर्डच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकत असे. २००६ साली तीही शेती संपली. यंत्रांमुळे शेतीला माणसे कमी लागू लागली, तरुण शहराकडे गेले, बँकेच्या शाखा बंद झाल्या आणि रेल्वेच्या शाखामार्गांवरचे रूळ उखडले गेले.

मात्र या शेवटच्या हानीतूनच एक वाट निघाली. रूळ गेले, तरी त्याखालची जमीन बहुतांशी सार्वजनिक मालकीची राहिली. टॅलारूक ते मॅन्सफिल्ड हा लोहमार्ग १९७८ साली बंद झाला. २०१२ साली त्याच पट्ट्यावर १३४ किलोमीटरांचा सायकलमार्ग खुला झाला. वँगरॅटा ते ब्राइट, बेर्न्सडेल ते ऑर्बोस्ट येथेही असेच मार्ग आहेत. आगगाडीसाठी आखलेला मार्ग असल्याने चढ सौम्य असतो. म्हणून साठीतले दांपत्य आणि दहा वर्षांचे मूलही तेथे निर्धास्त जाऊ शकते. येथे एका रात्री चार हजार माणसे येत नाहीत. पण हंगामात रोज काही माणसे येतात. हॉटेल चालते ते या रोजच्या माणसांवर.

यावर आक्षेप आहेत. गाडी मागणाऱ्याच्या हाती पायवाट देणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागविणे होय, असे कोणी म्हणेल. पट्ट्यालगतच्या शेतकऱ्याला उघडी राहणारी फाटके, तण आणि वणवा यांची धास्ती वाटते. ती खोटी नाही. कुंपण आणि फाटके यांचा खर्च त्याच्या माथी न मारणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. पर्यटनावर विसंबण्यातही धोका आहे. २०१९-२० च्या वणव्यांत ऐन हंगामात पूर्व गिप्सलँडमधील पर्यटकांना निघून जाण्यास सांगावे लागले. एका लोकरीवर विसंबलेले गाव जसे फसले, तसे एका पर्यटनावर विसंबलेले गावही फसेल. पर्यटनातील रोजगार हंगामी असतो आणि त्यामुळे बँक किंवा डॉक्टर आपोआप परत येत नाहीत.

म्हणून सफर बंद करावी असा याचा अर्थ नव्हे. सफर ही जाहिरात आहे. मार्ग हे भांडवल आहे. जाहिरात हेच भांडवल मानण्याची चूक मात्र होऊ नये. सरकारी पैसा खर्च करायचा असेल, तर त्याचा मोठा हिस्सा मार्गाच्या दुरुस्तीवर, लाकडी पुलांच्या जतनावर आणि मार्गाच्या टोकापर्यंत जाणाऱ्या आगगाडीत सायकलींसाठी जागा ठेवण्यावर व्हावा. मोटारीवर सायकल लादूनच जेथे पोहोचता येते, तेथे मोटार नसलेला विद्यार्थी आणि वृद्ध जाणार कसे? शिवाय बंद पडलेल्या लोहमार्गाची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकून टाकण्याचा मोह कोणत्याही सरकारला होऊ शकतो. एकदा तुटलेला असा पट्टा पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य असते. ज्या सरकारांनी तो मोह टाळला, त्यांनी पुढच्या पिढीसाठी काहीतरी राखून ठेवले.

किती हजार स्वार आले, ही सफरीच्या यशाची मोजपट्टी नव्हे. तांडा पुढे गेल्यानंतरच्या सोमवारी गावातले दुकान उघडे असते काय आणि पुढच्या वर्षी शाळेच्या पटावर मुले टिकतात काय, हे पाहिले पाहिजे. त्या प्रश्नांची उत्तरे नऊ दिवसांच्या उत्साहात सापडणार नाहीत. ती उरलेल्या साडेतीनशे दिवसांच्या व्यवस्थेतच शोधावी लागतील.